फोटो तर काढून झालेत, मग फाइल द्यायला पैसे कसले? प्रिंट आणि डेटाच्या भावामागचं गणित

मागच्या वर्षी आजी गेली. तेराव्याला लावायला मोठा फोटो हवा होता. घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच फोटो होता, तो ताईच्या लग्नातला. नऊवारी, नथ, आणि कुणाकडे तरी बघून आजी खळखळून हसतेय. फॅमिली ग्रुपवर तो शंभर वेळा फिरला होता.

मी तो फोटो मोबाईलमध्ये घेऊन प्रिंटच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्क्रीनवर एकदा झूम केलं आणि म्हणाला, "ताई, हा व्हॉट्सॲपवरून आलेला आहे. बारा बाय अठरा काढला तर फुटेल. ओरिजिनल आहे का?"

ओरिजिनल पेनड्राइव्हमध्ये होतं. पेनड्राइव्ह कपाटात होता. कपाटातून काढून लॅपटॉपला लावला, तर तो उघडेचना.

शेवटी लग्नाच्या फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, "पाच वर्षं झाली हो. जुन्या हार्डडिस्कवर असेल तर बघतो." संध्याकाळी त्याने शोधून काढला. प्रिंट आणि फ्रेमचे बाराशे, आणि नुसती फाइल हवी असेल तर पाचशे, असं त्याने सांगितलं.

काका भडकले. "फोटो तेव्हाच काढून झालेत. पैसे तेव्हाच दिलेत. फाइल त्याच्याकडे पडूनच आहे. एक बटण दाबायचे पाचशे?"

तेव्हा काकांचं मला शंभर टक्के पटलं होतं. पण नंतर या विषयात खोलात गेले, आणि लक्षात आलं की गणित एवढं सोपं नाही. फोटोग्राफरचंही थोडं बरोबर असतं, आपलंही थोडं बरोबर असतं. आणि कायदा काय म्हणतो हे बहुतेक वेळा दोघांनाही माहीत नसतं.

तर विषय आधीपासून सुरू करू.

रोलच्या जमान्यात पैसे कशाचे मिळायचे?

आपल्या आईवडिलांच्या लग्नाचा अल्बम आठवा. प्रत्येक पानावर पारदर्शक कागद, जाडजूड कव्हर, आणि आत मोजून शंभर-दीडशे फोटो. कारण रोलमध्ये ३६ फोटो बसायचे. रोल विकत घ्यायचा, तो धुवायला टाकायचा, मग कॉपी काढायच्या. प्रत्येक क्लिकला खर्च होता, त्यामुळे फोटोग्राफर "हलू नका" म्हणून ओरडायचा आणि आपण खरंच हलायचो नाही.

पण धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. निगेटिव्ह बहुतेक वेळा फोटोग्राफरकडेच राहायची. मामाला कॉपी हवी, मुंबईच्या आत्याला कॉपी हवी, तर त्याच स्टुडिओत जायला लागायचं. म्हणजे फोटो काढण्याचे पैसे एकदा, आणि कॉपीचे पैसे पुढे कितीतरी वर्षं. फोटो काढण्याचा दर कमी ठेवला तरी चालायचं, कारण खरी कमाई कागदावर व्हायची.

हे फक्त गल्लीतल्या स्टुडिओचं नव्हतं. अख्खी कोडॅक कंपनी याच गणितावर उभी होती. कॅमेरा एकदा विकायचा आणि पुढे आयुष्यभर फिल्म, केमिकल आणि कागद विकत राहायचा.

मग डिजिटल आलं आणि गणित उलटं झालं

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच एका इंजिनिअरने बनवला. स्टीव्हन सॅसन त्याचं नाव, साल १९७५. तो कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागायचे. पण कंपनीचा पैसा फिल्ममध्ये होता, त्यामुळे या शोधाचा पूर्ण फायदा कोडॅकला कधी घेता आला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला.

जे कोडॅकचं झालं, तेच छोट्या प्रमाणात प्रत्येक स्टुडिओचं झालं. निगेटिव्हच्या जागी फाइल आली. आणि फाइलची एक अडचण आहे, तिची कॉपी काढायला काहीच खर्च येत नाही. एकदा ती गिऱ्हाइकाच्या हातात गेली, की आत्या, मामा, मावशी सगळ्यांना एका मिनिटात पोचते. पुन्हा स्टुडिओची पायरी चढायची गरजच नाही.

त्यात आपल्याकडे बोलण्याची पद्धतही बदलली. आधी लोक विचारायचे, "अल्बम किती पानांचा?" आता पहिला प्रश्न असतो, "सगळा डेटा देणार ना?" आणि दुसरा प्रश्न, "अल्बम नको, फक्त पेनड्राइव्ह द्या, मग किती कमी कराल?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समजलं की निम्मा विषय समजला.

अल्बम काढून टाकला तर किती पैसे कमी व्हायला पाहिजेत?

आपण एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पुण्यात वेगळे असतील, परभणीत वेगळे.

समजा, एका तालुक्याच्या गावात एकजण लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरे, लेन्स, लाइट मिळून ५ लाखांचं सामान. ते ४ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला सव्वा लाख. हार्डडिस्क, सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर आणि दुरुस्तीचे वर्षाला ७५ हजार. दुकानाचं भाडं, वीजबिल धरून १ लाख. झाले ३ लाख. घर चालवायला महिन्याला ४० हजार हवेत, म्हणजे वर्षाचे ४ लाख ८० हजार. एकूण ७ लाख ८० हजार.

आता वर्षात लग्नं किती? लग्नं बाराही महिने सारखी नसतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागला की बहुतेक घरांत थांबतात. त्यातही चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी दहा लग्नं असतात, पण हा माणूस एकाच लग्नाला जाऊ शकतो. तर वर्षाला ३० लग्नं धरू.

७ लाख ८० हजार भागिले ३०, म्हणजे एका लग्नामागे २६ हजार. हे त्याने कॅमेऱ्याचं बटण दाबण्याआधीच ठरलेले आहेत.

यात मदतनीस आणि प्रवासाचे ६ हजार घाला. झाले ३२ हजार. आणि लॅबमधून अल्बम बनवून आणायचे ८ हजार. एकूण ४० हजार.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "अल्बम नको, फक्त डेटा द्या. २० हजारात करा." त्याला वाटतं, अल्बम म्हणजे निम्मं काम. पण अल्बम गेल्याने खर्चातले गेले फक्त ८ हजार. उरलेले ३२ हजार तसेच आहेत. २० हजारात काम घेतलं तर फोटोग्राफर प्रत्येक लग्नामागे १२ हजार स्वतःच्या खिशातून घालतो. हे त्याला तेव्हा कळत नाही. चार वर्षांनी कॅमेरा बदलायची वेळ येते आणि खात्यात पैसे नसतात, तेव्हा कळतं.

अनेक तरुण फोटोग्राफर इथेच फसतात. ते "फाइल द्यायला मला काय खर्च येतो?" असा विचार करून दर लावतात. खरा प्रश्न असतो, "ती फाइल तयार होण्यासाठी वर्षभर मला काय खर्च येतो?"

मग प्रिंटवर एवढा फरक का लावतात?

आता तुम्ही म्हणाल, लॅबमध्ये आठ बाय बाराची प्रिंट काही दहा-वीस रुपयांना निघते आणि स्टुडिओवाला तिचे कितीतरी पट जास्त घेतो. ही लूट नाही का?

कधी कधी असतेही. पण प्रिंटमागे कागदाशिवाय आणखी तीन गोष्टी असतात.

पहिली, प्रिंटसाठी फाइल तयार करणं. मोबाईलची स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद तो परावर्तित करतो. त्यामुळे मोबाईलवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट येऊ शकतो. शालूचा लाल रंग, हळदीचा पिवळा, चेहऱ्याचा रंग हे कागदावर नीट उतरवायला वेगळं काम करावं लागतं.

दुसरी, डिझाइन. लग्नाच्या अल्बममध्ये आपल्याकडे बारा बाय छत्तीसची उघडी शीट चालते. अशा ४० शीटमध्ये कुठला फोटो कुठे बसणार, काकूंचा चेहरा घडीवर येणार नाही ना, हे बघायला दिवस जातात. त्यात "हा फोटो काढा, तो टाका, नवरीच्या मामांचा एकही फोटो नाही" असं करत तीन वेळा दुरुस्त्या होतात.

तिसरी, जबाबदारी. रंग बिघडला, बाइंडिंग सुटलं, तर अल्बम पुन्हा बनवून द्यायचा असतो आणि तो खर्च फोटोग्राफरचा असतो. तुम्ही स्वतः बाहेर प्रिंट काढलीत आणि ती बिघडली, तर नुकसान तुमचं.

म्हणून अल्बम घेताना एवढंच विचारा की डिझाइनच्या किती दुरुस्त्या धरल्यात आणि बिघडला तर बदलून मिळेल का. याचं उत्तर "हो" असेल तर दरातला फरक समजण्यासारखा आहे. उत्तर "बघू" असेल तर घासाघीस करायला हरकत नाही.

"फोटो फुटतो" म्हणजे नेमकं काय होतं?

आजीच्या फोटोकडे परत येऊ. तो दुकानदार उगाच नाही म्हणाला नव्हता.

चांगल्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत, असा साधारण नियम आहे. बारा बाय अठराच्या प्रिंटला लागतात ३६०० गुणिले ५४०० पिक्सेल, म्हणजे जवळपास १९ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची मूळ फाइल ६००० गुणिले ४००० असते. काम आरामात होतं.

पण हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. ती १८ इंचांवर ताणली तर इंचाला मिळतात फक्त ८९ पिक्सेल. डोळ्यांच्या जागी डाग, नथीच्या जागी ठिपका. यालाच आपण फोटो फुटला म्हणतो.

भिंतीवर लांबून बघायच्या फोटोला इंचाला १५० ते २०० पिक्सेलही चालून जातात. पण ८९ नाही चालत. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये एचडीचा पर्याय आलाय, तो निवडला तर फरक पडतो. तरी प्रिंटसाठी फोटो पाठवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवणं सगळ्यात चांगलं. त्यात फाइल आहे तशी जाते.

याचा धंद्याशी काय संबंध? तर "फाइल" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. सोशल मीडियापुरती छोटी फाइल, प्रिंटला चालेल अशी पूर्ण आकाराची एडिट केलेली फाइल, आणि कॅमेऱ्यातून निघालेली रॉ फाइल. तिन्हींचा भाव एक असू शकत नाही. दर ठरवताना यातली कुठली, हेच स्पष्ट होत नाही आणि नंतर भांडण होतं.

रॉ फाइल द्यायला फोटोग्राफर का कू-कू करतात?

रॉ म्हणजे कच्चा माल. नेहमीची जेपेग फाइल प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवते, १४ बिटची रॉ फाइल १६,३८४ साठवते. म्हणून अंधारलेला फोटो रॉमधून उजळवता येतो. पण एडिट न केलेली रॉ फाइल दिसायला फिकट असते.

ती तशीच बाहेर गेली, कुणीतरी भडक फिल्टर मारून इन्स्टाग्रामवर टाकली आणि खाली फोटोग्राफरचं नाव टॅग केलं, की पुढच्या गिऱ्हाइकाला वाटतं हेच याचं काम. स्वयंपाकघरातून अर्धी शिजलेली भाजी मागून नेण्यासारखंच आहे ते.

शिवाय हा माल जागा खातो. दोन दिवसांच्या लग्नात तीन-चार हजार क्लिक सहज होतात. एका रॉ फाइलला २५ ते ३० एमबी धरले तर ४००० फोटोंचे १०० ते १२० जीबी झाले. ३० लग्नांचे ३ टीबीच्या वर. एक हार्डडिस्क गेली तर तोंड दाखवायला जागा राहू नये म्हणून दुसरी कॉपी, म्हणजे ६ टीबीच्या वर. दर वर्षी.

आता कळलं ना, "फाइल पडूनच आहे" या वाक्यात काय गडबड आहे ते? ती फुकट पडून नसते. कुणीतरी ती सांभाळत असतो.

आता मुख्य प्रश्न: फोटो नक्की कुणाचा?

इथे मला स्वतःला धक्का बसला.

युट्यूबवर फोटोग्राफीच्या धंद्याचे व्हिडिओ बघितले तर बहुतेक जण ठासून सांगतात की कॉपीराइट फोटोग्राफरचाच असतो, गिऱ्हाइकाला फक्त वापरायची परवानगी मिळते. ते अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये बसून बोलत असतात आणि तिथल्या फ्रीलान्स फोटोग्राफरसाठी ते बरोबर आहे. १९४७ मध्ये सुरू झालेली मॅग्नम ही जगप्रसिद्ध फोटो एजन्सी तर याच तत्त्वावर उभी राहिली की फोटोचा हक्क मासिकाकडे न जाता फोटोग्राफरकडे राहावा.

पण आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काम सांगणारा माणूस असतो.

सोप्या भाषेत सांगायचं तर तुम्ही पैसे देऊन लग्नाला फोटोग्राफर बोलावला आणि काहीच लिहून घेतलं-दिलं नाही, तर त्या फोटोंचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. फोटोग्राफरला तो स्वतःकडे हवा असेल तर तसा करार त्याने आधीच करायला हवा. आपल्याकडे लग्नाचं काम ठरतं फोनवर आणि इसार जातो यूपीआयवर. करार कुठून येणार?

याचे तीन परिणाम होतात.

एक, तुमच्या लग्नाचे फोटो स्वतःच्या पेजवर जाहिरातीसाठी टाकायचे असतील तर फोटोग्राफरने तुमची परवानगी घ्यायला हवी. बहुतेक जण आनंदाने देतात, पण विचारायला हवं.

दोन, कॉपीराइट तुमचा असला तरी फोटो काढणारा म्हणून नाव त्याचंच राहतं. कायद्याच्या भाषेत फोटोचा "कर्ता" म्हणजे तो काढणारा माणूस, आणि कलम ५७ त्याला आपल्या कामावर नाव सांगायचा हक्क देतं. म्हणून त्याचा लोगो कापून दुसऱ्याच्या नावाने फोटो फिरवणं बरं नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कॉपीराइट कुणाचा हा एक प्रश्न आहे. किती फाइल, कुठल्या आकारात, किती दिवसांत द्यायच्या आणि किती वर्षं सांभाळायच्या हा दुसरा प्रश्न आहे. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या दोघांमध्ये काय ठरलंय यावर अवलंबून असतं. "कायद्याने फोटो माझे आहेत" म्हणून कुणी दहा वर्षं फुकट हार्डडिस्क सांभाळत बसेल, असं गृहीत धरता येत नाही.

जंगलात जाऊन वाघाचा फोटो स्वतःच्या हौसेने काढला, तर तो कुणी सांगितलेला नसतो. तिथे कॉपीराइट फोटोग्राफरचाच.

मग फाइल स्वस्त आणि प्रिंट महाग, असं जगात सगळीकडे आहे का?

स्वतःच्या हौसेने काढलेले फोटो विकायचे असतील तर दोन टोकाचे बाजार आहेत.

एका टोकाला स्टॉक फोटोच्या वेबसाइट. २००० साली सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोने एखाद-दोन डॉलरला फोटो विकायची पद्धत रुळवली. २००६ मध्ये गेटी इमेजेसने ती कंपनी ५ कोटी डॉलरला विकत घेतली. इथे फाइलचा भाव अगदी कमी असतो आणि कमाई होते ती तीच फाइल शेकडो वेळा विकली गेली तर. म्हणजे भाव फाइलचा नसतो, ती कुठे आणि किती वापरणार याच्या परवान्याचा असतो. हेच तत्त्व तुमच्या गावातही लागू आहे. मिठाईवाल्याने पेढ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकणं वेगळं आणि तोच फोटो वर्षभर हायवेवरच्या होर्डिंगवर लावणं वेगळं.

दुसऱ्या टोकाला आर्ट गॅलरी. जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्की यांचा ऱ्हाइन नदीचा एक फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. त्याच्या फक्त सहाच प्रिंट आहेत. फाइलमधून सहाशे काढता आल्या असत्या, पण न काढण्याचा शब्द दिला, म्हणून तो भाव आला.

मधला रस्ताही आहे. मॅग्नमने २०१४ पासून सहा बाय सहा इंचाच्या सही केलेल्या छोट्या प्रिंट १०० डॉलरला विकायला सुरुवात केली. अट एकच, विक्री काही दिवसच चालणार. प्रिंट किती निघतील याला बंधन नाही, पण मुदत संपली की संपली. किल्ल्यांचे, वारीचे, कोकणातल्या पावसाचे सुंदर फोटो काढणाऱ्या आपल्या मुलांना ही कल्पना सहज वापरता येईल. दिवाळीआधी आठ दिवस, तीन फोटो, एकच आकार, मागे सही.

मग दर लावायचा कसा?

फोटोग्राफरांसाठी साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली, सगळं एकत्र. अल्बम, फाइल, व्हिडिओ, एकच रक्कम. गिऱ्हाइकाला सोपं पडतं. धोका असा की अल्बमसाठी फोटो निवडायला घरचे वर्ष लावतात आणि शेवटचा हप्ता तोपर्यंत अडकतो. "फोटो निवडले का?" "अहो, ती माहेरी आली की निवडतो." हे संवाद प्रत्येक फोटोग्राफरला पाठ असतात. म्हणून शेवटचा हप्ता अल्बमशी न बांधता फाइल देण्याशी बांधलेला बरा.

दुसरी, काम आणि वस्तू वेगळे. शूटची रक्कम स्वतंत्र आणि ती पूर्ण खर्च भरून काढणारी. त्यावर अल्बम, फ्रेम, जादा प्रिंट ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. आपल्या उदाहरणात शूटचे किमान ३२ हजार, अल्बम वेगळा. आजच्या जमान्यात ही पद्धत सगळ्यात सुरक्षित वाटते, कारण गिऱ्हाइकाने एकही प्रिंट घेतली नाही तरी धंदा बुडत नाही.

तिसरी, शूट स्वस्त आणि फाइल-प्रिंट महाग. ही जुनी निगेटिव्हची पद्धत. लहान मुलांचे फोटो किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती अजून चालते. पण लग्नात चालवायला गेलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, कारण खरी रक्कम नंतर कळते. वापरायचीच असेल तर दरपत्रक आधी दाखवा.

आणि एक, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवांसाठी जीएसटी नोंदणी लागते आणि फोटोग्राफीवर १८ टक्के कर आहे. तो दरात आहे की वेगळा, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं बरं.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय विचाराल?

लग्न ठरलं असेल तर हे सहा प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. उत्तरही लेखी घ्या. साधा मेसेज असला तरी नंतर दोघांनाही दाखवायला काहीतरी राहतं.

१. एडिट केलेले फोटो किती मिळतील आणि पूर्ण आकारात मिळतील का?
२. बाकीचे, एडिट न केलेले फोटो मिळणार का? रॉ की जेपेग?
३. किती दिवसांत मिळतील?
४. अल्बम किती शीटचा, दुरुस्त्या किती, बिघडला तर बदलून मिळेल का?
५. तुमच्याकडे डेटा किती महिने राहील? नंतर मागितला तर किती पैसे?
६. आमचे फोटो तुमच्या पेजवर टाकणार का?

आणि फाइल मिळाल्या की पेनड्राइव्ह कपाटात ठेवून निवांत होऊ नका. वर्षानुवर्षं न वापरता ठेवायला पेनड्राइव्ह बनलेलेच नसतात. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा जुना नियम आहे. म्हणजे एक हार्डडिस्कवर, एक लॅपटॉपमध्ये, एक क्लाउडवर. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. आणि तिथे "स्टोरेज सेव्हर" निवडलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात, हेही लक्षात असू द्या.

शेवटचं म्हणजे पन्नास फोटो तरी कागदावर काढा. चार हजार फोटोंचा फोल्डर कुणी उघडत नाही. अल्बम मात्र पाहुणे आले की निघतोच.

आणि त्या पाचशे रुपयांचं काय झालं?

काका रागावलेलेच होते. मग वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "त्याने जपून ठेवायला आपण सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं. त्याने लग्नानंतर महिन्याभरात पेनड्राइव्ह दिला होता, आमच्या बाजूने व्यवहार तिथेच संपला होता. पुढची पाच वर्षं तो डेटा एका हार्डडिस्कवरून दुसऱ्यावर हलवत राहिला, कारण त्याला पुसवेना. हक्क आमचा होता, हे आता मला माहीत आहे. पण ती फाइल शाबूत होती, ती त्याच्यामुळे. पाचशे रुपये त्या सांभाळण्याचे होते.

आम्ही फ्रेमचे बाराशे दिले आणि फाइलचे पाचशेही दिले. तो म्हणाला, "आजी सगळ्यांत जास्त माझ्याशीच बोलत होत्या त्या दिवशी. जेवलास का, जेवलास का. या फोटोत माझ्याकडेच बघून हसतायत."

फोटोत आजी कुणाकडे बघून हसतेय, हे आम्हाला पाच वर्षं माहीत नव्हतं.

आता ती फाइल तीन ठिकाणी आहे. आणि फ्रेम हॉलमध्ये.